सोबतीपुरतं सूप

क्लाइव्हने चाळीस वर्षं डॉनकास्टरमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि त्या चाळीस वर्षांत एकदाही कुणावर हॉर्न वाजवला नाही. चौकात गाडी आली की तो समोरच्याला हात करायचा, आधी तुम्ही. समोरचा भला असला तर तोही हात करायचा, छे छे, तुम्हीच आधी. मागे गाड्यांची रांग लागायची. शेजारी बसलेली मेरियन, म्हणजे त्याची बायको, अशा वेळी पर्समधून लिपस्टिक काढून सावकाश लावून घ्यायची. वेळ भरपूर आहे हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

असा हा भिडस्त माणूस एकाहत्तराव्या वर्षी बायकोला घेऊन साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जाणाऱ्या क्रूझवर निघाला, तो समुद्र पाहायला नव्हे. मेरियनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की चालाल, जिने चढाल, बागेत वाकाल. वॉल्ट्झमधली गिरकी मात्र पुन्हा जमेलच असं मी काही लिहून देत नाही. त्या दोघांची ओळखच मुळी नाचाच्या हॉलमध्ये झालेली. घरी आल्यावर मेरियनने कपाटातून नाचाचे चंदेरी सँडल काढले, पुसले आणि टेबलावर ठेवले. "खरा बँड, पायाखाली लाकडी जमीन आणि समोर तू," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी मला एवढंच हवंय."

जहाजावर बँड रोज पावणेआठला सुरू व्हायचा आणि पावणेनऊला संपायचा. मग तिथेच खुर्च्या मांडून प्रश्नमंजूषा. जेवणाची पहिली पंगत साडेसहाला, दुसरी नऊला. मेरियनने मुद्दाम पहिली पंगत मागून घेतली होती. तासाभरात जेवायचं, सँडल बदलायचे आणि वर जायचं. हिशेब अगदी बरोबर होता, फक्त त्यात क्लाइव्ह धरायचा राहिला होता.

पहिल्या संध्याकाळी त्यांना खिडकीजवळचं चौघांचं टेबल मिळालं. समोर स्वान्सीकडचं एक जोडपं होतं. डेस्मंडचं पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं; माणूस चांगला रुंद, आवाज हळू. त्याची बायको ग्लेनिस बारीक, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ. पुढचा आठवडाभर रोज रात्री हेच चौघे याच टेबलावर बसणार होते. जेरिको नावाच्या फिलिपिनो वेटरने हातात कार्डं दिली. सुरुवातीचा पदार्थ, सूप, सॅलड, मुख्य ताट, गोड, आणि शेवटी चीज. सगळे पैसे तिकिटातच भरलेले, त्यामुळे एक फेरी घ्या नाहीतर सहाच्या सहा घ्या, विचारणारं कुणी नाही.

"तुम्ही सुरुवातीचं काही घेणार का?" डेस्मंडने विचारलं.

"आम्ही ना... तुम्ही घेणार असाल तर," क्लाइव्ह म्हणाला.

"आमचं काय, आम्हाला काहीही चालतं. तुम्ही घेत असाल तर आम्ही आपलं सोबतीला म्हणून घेऊ."

"मग आम्हीही घेतो. तुम्हाला सोबत."

आम्हा ब्रिटिश लोकांत एकाने खायचं आणि दुसऱ्याने रिकाम्या जागेसमोर बसून राहायचं हे चालत नाही. खाणाऱ्याला वाटतं आपण हावरट ठरलो, आणि न खाणाऱ्याला वाटतं आपण पहाऱ्याला बसलोय. त्यातून चौघांची ताटं आल्याशिवाय कुणी काटा उचलत नाही. जहाजाच्या स्वयंपाकघराचाही नियम तसाच. चारही बशा रिकाम्या झाल्याशिवाय पुढची फेरी बाहेर येत नाही. तर कोळंबी आली, ती संपली. सूपचं काय, असं जेरिकोने विचारलं. डेस्मंडने क्लाइव्हकडे पाहिलं, क्लाइव्हने डेस्मंडकडे पाहिलं, आणि सूप आलं. त्याच वाटेने सॅलड आलं. मटणाचं ताट आलं, पुडिंग आलं, आणि चीज नको म्हणायला कुणीतरी पहिलं तोंड उघडायला हवं होतं, ते कुणी उघडलं नाही, म्हणून चीजही आलं.

ते वर पोचले तेव्हा नाचाच्या जमिनीवर खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि एक माणूस माइक ठोकून बघत होता. मेरियनच्या हातात सँडलची पिशवी होती.

"उद्या," क्लाइव्ह म्हणाला.

"उद्या," मेरियन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेरिकोने कार्डं द्यायच्या आधीच विचारलं, "कालच्यासारखंच ना, सर? माझ्या सगळ्या टेबलांत हे टेबल एक नंबर. बाकीचे नुसते चिवडतात." एवढं म्हटल्यावर माघार कोण घेणार? त्या रात्री त्याने कौतुकाने पावाची टोपलीही दोनदा भरली. जेवण उरकेपर्यंत वर नव्वदच्या दशकातल्या टीव्ही मालिकांवरचे प्रश्न सुरू झाले होते.

केबिनमध्ये आल्यावर मेरियन पलंगाच्या कडेला बसली. "उद्या आपण फक्त मुख्य ताट घ्यायचं. खायचं आणि उठायचं."

"अगं, ती दोघं खवय्ये आहेत. त्यांचं निम्मं जेवण व्हायच्या आत आपण उठून गेलो तर काय दिसेल? तुमचा कंटाळा आला, असं तोंडावर सांगितल्यासारखं होईल."

"मग सांग की आम्हाला नाचायला जायचंय."

"सांगितलं तर त्यांना वाटेल, आपल्यामुळे यांचा दोन दिवस नाच बुडाला. किती वाईट वाटेल त्यांना."

"त्यांच्यामुळेच बुडालाय!"

"म्हणून तर सांगता येत नाही ना," क्लाइव्ह म्हणाला, आणि त्याला ते मनापासून पटलेलं होतं.

मग मेरियनने स्वतःच का सांगून टाकलं नाही? सांगू शकली असती. पण पन्नास वर्षं वाईटपणा घ्यायची पाळी तिच्यावरच आलेली. बिघडलेली किटली दुकानात परत करायची ती मेरियनने. शेजाऱ्याचं कुंपण आपल्या अंगणात आलंय हे बोलायचं ते मेरियनने. क्लाइव्हचा भाऊ दोन दिवसांसाठी येऊन तीन आठवडे राहिला तेव्हा त्याची बॅग दारात नेऊन ठेवली तीही मेरियननेच, आणि क्लाइव्ह तेव्हा गॅरेजमध्ये गाडी पुसत होता. निदान हा एक नाच तरी त्याने आपल्यासाठी मागून घ्यावा, एवढीच तिची इच्छा होती. नाचापेक्षाही आता तिला तेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी जहाज बर्गनला लागलं. दोघी बायका लोकरीच्या स्वेटरांच्या दुकानात शिरल्या आणि दोघे नवरे धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसले. डेस्मंडने इकडेतिकडे बघून पट्टा एक भोक सैल केला, खिशातून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक तोंडात टाकली आणि एक क्लाइव्हपुढे धरली.

"खरं सांगू का, क्लाइव्ह? तुम्हा दोघांची कमाल आहे. एवढं जेवता आणि अंगाला काही लागत नाही. मी घरी संध्याकाळी एक अंडं आणि टोस्ट खाणारा माणूस. इथे रात्रभर उताणा पडून छताकडे बघत असतो. ग्लेनिसचीही तीच गत. पण तुम्ही एवढ्या हौसेने जेवायला बसता, मग तुम्हाला एकटं कसं टाकायचं?"

दुसरा कुणी असता तर हसत सुटला असता, डेस्मंडच्या पाठीवर थाप मारली असती, आणि दोघांनी मिळून त्या सूपला चार शिव्या घातल्या असत्या. क्लाइव्हनेही तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, खरं सांगितलं तर या बिचाऱ्याला कळेल की आपण दोन रात्री फुकट तळमळलो. आपल्या चांगुलपणाची अशी माती झालेली कुणाला आवडेल?

त्याने गोळी घेतली. "सुट्टी आहे. रोज थोडंच असतं," तो म्हणाला.

"तेच म्हणतो मी," डेस्मंड म्हणाला आणि उदास चेहऱ्याने समुद्राकडे बघत बसला.

त्या संध्याकाळी सहाच्या सहा फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशीही झाल्या आणि पाचव्या दिवशीही. बाकावरचं बोलणं क्लाइव्हने मेरियनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढे काय, हे त्याला चांगलंच माहीत होतं.

सहाव्या दिवशी जहाज भर समुद्रात होतं. अशा दिवशी जहाजावरच्या साऱ्या गप्पा धोबीखोलीत, इस्त्रीच्या टेबलाभोवती चालतात. मेरियन तिथे क्लाइव्हच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायला गेली. ती रात्र सूटबूट घालायची होती, आणि बँडचीही ती शेवटचीच रात्र होती. उद्या संध्याकाळी सगळे सामान बांधण्यात. ग्लेनिस कोपऱ्यात बसून डेस्मंडच्या पँटची कंबर उसवत होती.

"तुझ्या नवऱ्यापायी हे करावं लागतंय बघ," ग्लेनिस हसत म्हणाली. "दोन इंच सोडलं तरी बटण लागत नाही. काय भूक गं त्याची!"

"क्लाइव्हची?"

"नाहीतर कुणाची? डेस्मंडने त्याला बर्गनला सांगितलं ना, आम्ही आपलं तुमच्यासाठी ढकलतोय म्हणून. तर म्हणतो कसा, सुट्टी आहे, रोज थोडंच असतं! आता हौसच एवढी म्हटल्यावर काय बोलायचं?"

इस्त्री शर्टावर जरा जास्तच वेळ टेकून राहिली. "हो," मेरियन म्हणाली. "हौस आहे त्याला." आपल्या नवऱ्याला परक्या बाईसमोर उघडं पाडायचं नाही, एवढी रीत तिलाही होती. तिने शर्टाची घडी घातली आणि केबिनमध्ये आली.

क्लाइव्ह शब्दकोडं सोडवत होता. मेरियनने शर्ट त्याच्यासमोर ठेवला. कॉलरजवळ एक बदामी डाग पडला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने काय ते विचारलं नाही. पेन्सिल खाली ठेवली.

"त्यांनाही नको होतं आणि तुला ते माहीत होतं. बर्गनपासून."

"त्याला वाईट वाटलं असतं गं."

"त्याला!" मेरियनचा आवाज चढला नाही, म्हणूनच क्लाइव्हला भीती वाटली. "त्या माणसाचं मन राखायला तू माझ्या तीन संध्याकाळी देऊन टाकल्यास. अशा किती उरल्यात माझ्याकडे, काय वाटतं तुला? ओळखपाळख नसलेल्या माणसाला सूप एकट्याने प्यावं लागू नये याची तुला काळजी. आणि मी रोज पिशवी घेऊन वर जाते, तशीच परत खाली येते, ते दिसत नाही तुला? की दिसतं, पण मी घरचीच म्हणून चालतं?"

क्लाइव्हला दिसत होतं, आणि घरचीच म्हणून चालत होतं, हेच खरं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. एरवी तो अशा वेळी लगेच माफी मागून मोकळा व्हायचा. माफी मागणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की खांबाला धक्का लागला तरी तो सॉरी म्हणायचा. आज ते शब्दही त्याला स्वस्त वाटले.

"मी आज सँडल घालूनच जेवायला येणार आहे," मेरियन म्हणाली. "आणि एक शब्द बोलणार नाही. ऑर्डर तू द्यायची."

साडेसहाला चौघे टेबलाशी आले. क्लाइव्हने कॉलरवरचा डाग बो-टायखाली दडवला होता. डेस्मंडचा काळा सूट पाठीवर ताणलेला, आणि तो खुर्चीत बसला तो जपून, हळूहळू. जेरिकोच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"सर, आज तुमच्यासाठी खास. सुरुवातीचे पदार्थ सगळ्यांना एक-एक, पण या टेबलाला दोन-दोन. मी स्वतः स्वयंपाकघरात सांगून ठेवलंय."

"वा," डेस्मंड म्हणाला. एका हाताने त्याने पट्टा चाचपला आणि धीर गोळा करून क्लाइव्हकडे पाहिलं. "मग काय? सगळंच ना?"

मेरियन टेबलक्लॉथकडे बघत होती. टेबलाखाली तिने पाय हलवला नाही, ढोसलं नाही, काही नाही. क्लाइव्हला वाटलं, निदान एक लाथ तरी मारायची.

"मला फक्त मासा," तो म्हणाला. "आणि मेरियनलाही मासाच. आधी काही नको आणि नंतरही काही नको."

जेरिकोची पेन्सिल थांबली.

"बरं नाही का वाटत?" ग्लेनिसने काळजीने विचारलं.

हे दार आयतंच उघडं होतं. पोट बिघडलंय म्हटलं असतं की काम झालं असतं. कुणाला वाईट वाटलं नसतं, उलट दोन गोळ्या मिळाल्या असत्या. क्लाइव्हने एकवार मेरियनकडे पाहिलं. तिने मान वर केली नव्हती.

"बरा आहे मी. आम्हाला पावणेआठला नाचायला जायचंय. पहिल्या दिवसापासूनच जायचं होतं."

डेस्मंडने पट्ट्यावरचा हात काढला. "पहिल्या दिवसापासून? म्हणजे ते सूप तुम्हाला नको होतं?"

"नको होतं."

"एकदाही?"

"कांद्याचं बरं होतं," क्लाइव्ह म्हणाला.

"मी दोन पँट्स उसवल्या," ग्लेनिस म्हणाली. माळेतल्या मण्यांवर तिचा हात घट्ट बसला होता.

"बर्गनला बोलला असतात तर," डेस्मंड म्हणाला.

"बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

"मग आम्हालाही मासाच," डेस्मंड जेरिकोला म्हणाला. तो रागावलेला नव्हता. आपलीच फजिती झाली असं त्याला वाटत होतं, आणि ते क्लाइव्हला रागापेक्षा जड गेलं. जेरिकोने तर स्वयंपाकात काही चुकलं का असं दोनदा विचारलं. त्याचा पडलेला चेहरा बघून क्लाइव्हच्या जिभेवर पुडिंग आलंच होतं, पण ते त्याने गिळलं.

मासा चौघांनी न बोलता खाल्ला. सहा दिवसांतलं हे सगळ्यात लहान जेवण, आणि क्लाइव्हला तेच सगळ्यात लांब वाटलं. साडेसातला तो उठला आणि त्याने मेरियनची खुर्ची मागे घेतली.

"या, मजा करा," ग्लेनिस म्हणाली, जरा तुटकच.

वर बँड तयार होता. मेरियनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  पहिलाच वॉल्ट्झ. दोन पावलं टाकल्यावर पायांना सगळं आपोआप आठवलं. उजवा गुडघा ती थोडा जपत होती आणि तो तिला त्या बाजूने आधार देत होता. मेरियन इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

आणि मग क्लाइव्हला ती दोघं दिसली.

गालिचा संपतो आणि लाकडी जमीन सुरू होते तिथे डेस्मंड आणि ग्लेनिस उभी होती. डेस्मंडचा कोट ताणलेलाच, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्यांना नाचता येत नव्हतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. बसायला खुर्ची एकही मोकळी नव्हती. झालं गेलं विसरलो, हे दाखवायलाच ती आली होती. सोबतीला आली होती. ग्लेनिसने पर्स काखेत धरून दोन बोटं हलवली.

क्लाइव्हला त्यांची फार दया आली. मेरियनच्या पाठीवरचा त्याचा हात सैल पडला. दोन मिनिटं थांबायचं, त्यांना कुठेतरी बसवायचं, काहीतरी प्यायला आणून द्यायचं, ग्लेनिसला एका गाण्यासाठी विचारायचं, म्हणजे तिलाही बरं वाटेल. दोनच मिनिटं.

मेरियनला तो हात कळला. ती काही बोलली नाही. बोलणार नाही म्हणाली होती, आणि नाचाची जमीन आल्यावरही ती शब्दाला पक्की होती. पण तिच्या तोंडावरचं हसू जायला लागलेलं क्लाइव्हने अगदी जवळून पाहिलं.

त्याने हात पुन्हा होता तिथे घट्ट ठेवला.

"गिरकी?" त्याने विचारलं.

मेरियनने मान हलवली, आणि त्याने तिला फिरवलं. वॉल्ट्झमध्ये कुणाकडे पाठ करून राहता येत नाही. दर वळणाला गालिच्याची ती कड समोर येतेच, आणि तिथली दोन माणसं अजून उभीच आहेत हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळत राहतं. क्लाइव्हने डोळे मेरियनच्या चेहऱ्यावर ठेवले आणि गाणं संपेपर्यंत हलवले नाहीत. चाळीस वर्षं आरशात मागच्या गाड्या बघत आलेल्या माणसाला हे सोपं गेलं नाही.